जुन्या मारुतीचं कॅलिपर किट : पुढचा ब्रेक जाम होत असेल तर घ्यावं का?

८००, ऑम्नी, झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर अशा पुढे डिस्क ब्रेक असलेल्या मारुतींसाठी बाजारात कॅलिपरचं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचं, दुरुस्ती किट मिळतं. दुकानात नुसतं ‘रबर किट’ म्हटलं तरी कळतं. पाकिटात सहसा पिस्टनचं चौकोनी कडांचं सील, पिस्टनवरचा धुळीचा बूट म्हणजे रबरी आवरण, तो धरून ठेवणारी रिंग आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांचे दोन बूट असतात. काही पाकिटांत नव्या पिना आणि ग्रीसची पुडीही असते. पूर्ण नव्या कॅलिपरच्या मानाने खर्च किरकोळ. किट चांगलं आहे आणि मुंबईतल्या दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीला ते एकदा लागतंच. पण ब्रेक पकडून राहण्याची कारणं चार, आणि त्यातली दोनच या पाकिटाने जातात. म्हणून आधी तपास, मग खरेदी.

लक्षणं ओळखीची असतात. गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज पडतं, एका चाकाची रिम काळ्या भुकटीने भरते, थांबल्यावर जळका वास येतो. न्यूट्रलमध्ये सपाट रस्त्यावर गाडी सहज ढकलली जात नाही. गणपतीला गावी गेल्यावर बिल्डिंगखाली पंधरा दिवस उभी राहिलेली गाडी निघताना ‘टक’ आवाज करून सुटते, ते मात्र वेगळं. ओल्या हवेत डिस्क आणि पॅड यांच्यामध्ये धरलेला तो वरवरचा गंज असतो, दोन-चार ब्रेकांत निघून जातो. त्यासाठी कॅलिपर उघडायची गरज नाही.

तपास असा. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा लावा, पुढची बाजू जॅकने उचला आणि गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर सोडू नका. गिअर न्यूट्रल. कोणाला तरी पेडल दोन-तीन वेळा जोरात दाबून सोडायला सांगा आणि लगेच चाक हाताने फिरवा. हलकी घासघास डिस्क ब्रेकला असतेच. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलेला आहे. आता त्याच चाकाच्या कॅलिपरवरचं, ब्रेक ऑइलमधली हवा काढायचं निपल पाव फेरा सैल करा, पारदर्शक नळी बाटलीत सोडून. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक त्याच क्षणी मोकळं झालं, तर आत दाब अडकलेला आहे. दोष कॅलिपरच्या अलीकडे, कॅलिपरला ऑइल नेणाऱ्या रबरी होज पाइपमध्ये किंवा पेडलच्या जोराने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये. निपल उघडूनही चाक घट्टच असेल तर पिस्टन किंवा स्लाइड पिन अडकली आहे, आणि किट तिथेच उपयोगी.

या एका मिनिटाच्या चाचणीशिवाय किट विकत घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

दाब अडकला असेल तर पुढचा प्रश्न : एक चाक की दोन्ही? एकच चाक धरत असेल तर संशय रबरी होजवर घ्यावा. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतलं रबर फुगून भोक चिंचोळं होतं. पेडलचा जोर ऑइल पुढे ढकलतो. परत यायला मात्र मागे तेवढा जोर नसतो, म्हणून ते कॅलिपरमध्येच राहतं. खात्रीसाठी होजच्या वरच्या टोकाला, जिथे लोखंडी नळी जोडली आहे, तिथला नट सैल करून बघा. तिथे उघडून चाक सुटलं नाही आणि निपल उघडल्यावर सुटलं, तर होज बाद. बदलताना दोन्ही बाजूंचे बदला आणि तांब्याचे वॉशर नवे घाला. दोन्ही पुढची चाकं धरत असतील, विशेषतः वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तासभर रांगत गेल्यावर, तर मास्टर सिलिंडर बघा. पेडल सोडल्यावर आतलं बारीक भोक उघडं राहायला हवं, तापून फुगलेलं ऑइल त्यातूनच ब्रेक ऑइलच्या टाकीत परततं. पेडलला फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, उरला नसेल किंवा पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची दांडी लांब सेट झाली असेल, तर ते भोक झाकलेलंच राहतं आणि गाडी जसजशी तापते तसतसे ब्रेक स्वतःहून लागत जातात. मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट दोन-तीन मिलिमीटर सैल करून चाकं सुटली, तर दोष दांडीच्या मापात. इथे कॅलिपर किट कितीही भारी घेतलं तरी फरक पडणार नाही.

आता किटचं मुख्य काम. पिस्टन मागे ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते, ते काम चौकोनी सील करतं. पेडल दाबलं की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर पीळ खातं. दाब गेला की ते मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड सुटतं ते या केसभर अंतरामुळे. सील कडक झालं की पीळ संपतो. त्याहून वाईट म्हणजे सीलच्या खाचेत गंज साचतो, सीलला मागून रेटतो आणि ते पिस्टन आवळून धरतं. धुळीचा बूट एकदा फाटला की पावसाळ्यातलं रस्त्यावरचं पाणी आणि समुद्राची खारी हवा थेट पिस्टनवर. नवे पॅड घातल्यावर ब्रेक जाम होऊ लागल्याच्या तक्रारी याच कारणाने येतात. झिजलेल्या पॅडांवर पिस्टन बराच बाहेर आलेला असतो आणि उघडा भाग गंजतो. जाड नवे पॅड बसवायला मेकॅनिक तो पिस्टन दाबून आत घालतो, आणि गंजलेला भाग सीलमध्ये जाऊन बसतो. पॅडला दोष दिला जातो, त्याचा काही संबंध नसतो.

पॅडांची झीजही बरंच सांगते. एकाच पॅडला एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ अशी तिरपी झीज असेल तर एक स्लाइड पिन अडकली आहे. आतलं पॅड बाहेरच्यापेक्षा फार झिजलं असेल तर पिस्टन परतत नाही किंवा कॅलिपर पिनांवर सरकत नाही. कॅलिपर हाताने पुढे-मागे हलवून बघितला की कळतं.

पिस्टन बाहेर काढायला होज सोडण्याआधी पेडलचाच दाब वापरा. कॅलिपर डिस्कवरून उतरवा, वायरने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि पेडल हळूहळू दाबा. गंजलेला पिस्टनही या जोराने येतो. कंप्रेसरची हवा मारायची पद्धत बऱ्याच गॅरेजांत आहे. तिथे पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोटं समोर असतील तर हाड मोडतं.

पिस्टन हातात आला की निर्णय त्याच्याकडे बघून घ्या. सील जिथे घासतं त्या भागाच्या क्रोमवर नखाला लागतील असे खड्डे असतील, तर नुसतं किट घालणं फुकट. पिस्टन नवा घ्यावा लागेल, आणि तो या पाकिटात नसतो. पिस्टन ज्यात सरकतो त्या बोअरमधल्या सीलच्या खाचेत गंज असेल तर बारीक वाकवलेल्या तारेने किंवा लाकडी काडीने खरवडून पूर्ण काढा. हा कंटाळवाणा भाग आहे आणि गॅरेजमध्ये नेमका हाच टाळला जातो. खाच साफ न करता नवं सील बसवलं तर ब्रेक थोड्याच दिवसांत पुन्हा धरतो, आणि किट डुप्लिकेट होतं असा बोभाटा होतो.

धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांतलं काहीही नको. ही रबरं ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, खनिज तेल लागलं की फुगतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल किंवा ताजं ब्रेक ऑइल वापरा. ब्रेक क्लीनर चालतो, पण तो पूर्ण उडून गेल्याशिवाय रबर बसवू नका. सील बसवताना ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवा. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ लावा, बेअरिंगचं पिवळं किंवा काळं ग्रीस नाही. किटमधल्या पुडीवर ग्रीसचा प्रकार छापलेला नसेल तर ती सरळ टाकून द्या. दोन पिना सारख्या नसतील, एकीवर रबराची बुशिंग असेल, तर कोणती वर आणि कोणती खाली हे काढतानाच नोंदवा. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे सरकतात तिथला गंजही तारेच्या ब्रशने काढा. तिथल्या पत्र्याच्या क्लिपा किटमध्ये नसतात, वेगळ्या मागाव्या लागतात.

पाकीट निवडताना किंमत शेवटी बघा. सीलच्या कडा चौकोनी आणि धारदार हव्यात, साच्यातून सुटलेलं जास्तीचं रबर काठावर दिसता कामा नये. जुन्या सीलवर ठेवून जाडी-रुंदी जुळवा. बूटची ओठाळी खाचेत घट्ट बसली पाहिजे, हाताने ओढल्यावर सुटणारा बूट पहिल्या पावसात सुटेल. किट एका चाकाचं आहे की दोन्हीचं हे मोजून घ्या, आणि मॉडेलच्या नावापेक्षा पिस्टनचा व्यास व्हर्निअरने मोजून मागा, कारण एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॅलिपर आलेले असू शकतात. कंपनीचं सीलबंद किंवा नावाजलेल्या ब्रेक उत्पादकाचं पाकीट घ्या. प्लास्टिकच्या पिशवीतला बिननावाचा माल बूटपुरता एकवेळ चालेल, सीलसाठी नाही.

ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत जुना पिस्टन दाखवून माप जुळवून देतात, तिथे जाणं सोयीचं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना आख्खा कॅलिपर मिळतो. तो घ्यावा फक्त तुमच्या कॅलिपरचं निपल तुटलं असेल किंवा बोअर खाल्लेला असेल तर, आणि त्यालाही हेच किट घालायचं आहे हे धरूनच. डावा-उजवा नीट बघा. उलट्या बाजूचा बसवला तर निपल खाली येतं, वरची हवा निघतच नाही आणि पेडल कायम स्पंजासारखं राहतं.

निपल सोडवण्याच्या आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हवा काढायला पुढचीच चाकं उघडली असतील आणि टाकी रिकामी झाली नसेल तर तेवढ्याच दोन चाकांची काढली तरी चालते. मात्र ऑइल जुनं, तपकिरी झालेलं असेल तर चारही चाकांचं बदला, अर्ध्या लिटरची बाटली सहसा पुरते. टाकीच्या झाकणावर छापलेल्या प्रतीचं, डॉट ३ किंवा डॉट ४, ब्रेक ऑइल घ्या. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर १४० असा ठरलेला आहे. डॉट ४ चा २३० आणि १५५. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी बदलणं शहाणपणाचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. जुन्या गाडीत हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबू नये, अर्ध्यावर थांबावं. मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या भागात साचलेला मळ त्याची रबरं कापतो.

गाडी खाली घेण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग चाक पुन्हा हाताने फिरवून बघा. पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत सात-आठ मध्यम ब्रेक मारा, मध्ये थोडं चालू द्या. उतरल्यावर दोन्ही रिमांजवळ हाताची मागची बाजू न्या, डिस्कला शिवू नका. दोन्हीकडे ऊब सारखी वाटली पाहिजे. एक बाजू अजून तापत असेल आणि त्या बाजूचा होज जुनाच ठेवला असेल, तर आता तो बदला.