‘मीट इज मर्डर’ : आठ महिने ऐकल्यानंतर

ऑक्टोबरात ‘मीट इज मर्डर’ची एलपी (मोठी रेकॉर्ड) घेतली, आता जून आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती लागतेच, तेव्हा मँचेस्टरच्या द स्मिथ्स या रॉक बँडच्या या दुसऱ्या अल्बमबद्दल लिहायला आता हरकत नाही. माझी प्रत २०११च्या रीमास्टरवरून, म्हणजे जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने सुधारून, काढलेली आहे. त्या कामाला बँडचा गिटारवादक जॉनी मार स्वतः बसला होता. पहिली प्रत वाकलेली निघाली, सुई प्रत्येक फेऱ्याला वरखाली व्हायची. दुकानाने ती बदलून दिली, पण त्यात तीन आठवडे गेले.

सुरुवातीला मी हा अल्बम फक्त गिटारसाठी ऐकत होतो. ‘द हेडमास्टर रिच्युअल’ सुरू झाल्यावर बराच वेळ गायक मॉरिसी गातच नाही. मारने वेगळ्या सुरांत लावलेल्या मोकळ्या तारा नुसत्या झणझणत राहतात. एकावर एक चढवलेल्या गिटारी, तरी कुठे गिचमिड नाही. फेब्रुवारी १९८५मध्ये अल्बम आला तेव्हा मार एकवीस वर्षांचा होता, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

मग जानेवारीत एका संध्याकाळी स्वयंपाकघरात कणीक मळत होतो आणि रेकॉर्ड बाहेरच्या खोलीत चालू होती. मधलं दार बंद. भिंतीपलीकडून शब्द येत नव्हते, गिटार येत नव्हती, येत होता तो फक्त बेस गिटारचा खर्ज. आणि तो बेस चक्क गात होता! गाणं होतं ‘बार्बरिझम बिगिन्स ॲट होम’, जवळजवळ सात मिनिटांचं. हात पिठाचेच ठेवून मी दारात जाऊन उभा राहिलो. तो वाजवणारा अँडी रूर्क २०२३मध्ये गेला. त्याने दुसरं काहीच वाजवलं नसतं तरी एवढं पुरलं असतं.

त्या दिवसानंतर शब्दही नीट कानावर पडायला लागले. पहिल्या गाण्यात मँचेस्टरच्या शाळेतले मास्तर पोरांना बडवतात. ‘बार्बरिझम’मध्ये तेच घरात होतं. ‘रशहोम रफियन्स’मध्ये जत्रेच्या शेवटच्या रात्री मारामारी. इंग्लंडच्या सरकारी शाळांतली छडी कायद्याने बंद झाली १९८७मध्ये, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा ती चालूच होती. छड्या खाल्लेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी रोज १४२ नंबरच्या बसने मँचेस्टरच्या रशहोम भागातून जातो. तिथल्या विल्म्सलो रोडवर आता आपल्याकडच्या मिठाईची आणि कबाबची दुकानं आहेत, पण प्लॅट फील्ड्स पार्क दिसलं की ‘रशहोम रफियन्स’ डोक्यात सुरू होतंच.

‘वेल आय वंडर’बद्दल फार लिहीत नाही. शेवटी पाऊस पडतो, आणि इथे खिडकीबाहेरही बहुतेक वेळा तोच असतो.

आता शीर्षकगीत. गायींचं हंबरणं, यंत्राची घरघर, आणि सहा मिनिटं मांसाहाराविरुद्ध थेट आरोप. आमचं घर माळकरी. मांस खायचं नाही हे मी लहानपणापासून पाळत आलो, पण त्यासाठी मला कुणी असं धमकावलं नव्हतं. गाणं म्हणून ते मला आजही जड जातं, चाल जागची हलत नाही. पण शाळा, घर, जत्रा, सगळीकडे दुबळ्याला मार बसल्यावर ते शेवटी येतं, आणि ती जागा त्याचीच आहे. महिनाभर मी त्याआधी सुई उचलत होतो. आता उचलत नाही. एकच तक्रार : ते रेकॉर्डच्या अगदी आतल्या कडेला असल्यामुळे आवाज थोडा चिरकतो आणि धुळीची कटकट सगळ्यात जास्त तिथेच ऐकू येते. ब्रश फिरवल्याशिवाय दुसरी बाजू लावू नका.

घेणार असाल तर मूळ ब्रिटिश क्रमाची, नऊ गाण्यांची प्रत बघा. अमेरिकी आवृत्तीत ‘हाऊ सून इज नाऊ?’ घातलेलं आहे. गाणं अप्रतिम आहे, पण ते १९८४च्या एका सिंगलच्या, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या रेकॉर्डच्या, मागच्या बाजूचं. इथे आलं की बाकीची गाणी त्याच्या सावलीत जातात.