बोलून लिहावं की ऐकून टाइप करावं? दृष्टिहीनांच्या संगणकासाठी काय निवडायचं

‘आवाजावर चालणारा संगणक’ मागायला गेलं की दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली समोर येतात. संगणक आपल्याला वाचून दाखवतो, तो स्क्रीन रीडर. आपण बोलतो आणि संगणक ऐकतो, ते व्हॉइस कंट्रोल किंवा डिक्टेशन. ज्याला अजिबात दिसत नाही त्याला स्क्रीन रीडर आधी हवा, कारण तोंडी सांगितलेलं काम झालं की नाही, हे कळायलाही कुणीतरी वाचून दाखवावंच लागतं. इंदुरात त्यात भाषेचा प्रश्न येतो. रामबाग किंवा लोकमान्य नगरातल्या घरात मराठी, कचेरीच्या कागदावर हिंदी आणि संगणकाच्या मेनूत इंग्रजी. म्हणून कुठलं साधन यातली कुठली भाषा सांभाळतं, ते पाहूनच निवडावं.

एनव्हीडीए की जॉज

विंडोजवरचे हे दोन स्क्रीन रीडर. एनव्हीडीए पूर्ण मोफत आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी त्याची सुरुवात केली. ते स्वतः दृष्टिहीन आहेत. त्याच्यासोबतच ई-स्पीक हा आवाज येतो आणि त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही आहेत. आवाज यांत्रिक आहे, पहिल्यांदा कानाला टोचतो, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून जुने वापरणारे तोच ठेवतात. विंडोजचे कल्पना आणि हेमंत हे हिंदी आवाज जास्त गोड आहेत. ते मराठी मजकूर वाचतात, पण मराठी च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार त्यांना जमत नाहीत. इंग्रजीचा हीरा हा आवाज निवडलेला असेल तर देवनागरी ओळ आली की तो गप्प बसतो, आणि घरच्यांना वाटतं संगणक बिघडला. अशा वेळी एनव्हीडीए, कंट्रोल आणि एस एकत्र दाबून सिंथेसायझर, म्हणजे आवाज तयार करणारा भाग, बदलावा. एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर सेटिंगमधून कॅप्स लॉकही चालते.

जॉज विकत घ्यावा लागतो. बिनपैशाच्या चाचणीत तो एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग संगणक पुन्हा सुरू करावा लागतो. त्याचं खरं बळ स्क्रिप्टमध्ये आहे: एखाद्या बँकेचं किंवा कचेरीचं खास सॉफ्टवेअर नीट वाचलं जात नसेल, तर त्यासाठी जॉजमध्ये वेगळी स्क्रिप्ट लिहून घेता येते. कचेरी पैसे देत असेल आणि असंच सॉफ्टवेअर वापरायचं असेल तर जॉज घ्यावा. घरच्या वापरासाठी, शाळा-कॉलेजसाठी खर्च करायचं कारण दिसत नाही.

एक गोष्ट दोघांनाही जमत नाही. कृतिदेव फाँटमधला मजकूर दिसायला देवनागरी, पण आत इंग्रजी अक्षरं. ‘भारत’ हा शब्द स्क्रीन रीडरला ‘एच के के जे आर’ असा मिळतो. दोष वाचणाऱ्याचा नाही, फाइलचा आहे. पाठवणाऱ्याकडे युनिकोड फाइल मागा, म्हणजे जिच्यात आतही खरी देवनागरी अक्षरं असतात ती, नाहीतर फाँट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की चित्रातली अक्षरं बहुतेक वाचता येणारा मजकूर होऊन मिळतात.

बोलून काम: व्हॉइस ॲक्सेस की नुसतं डिक्टेशन

विंडोज ११ मधला व्हॉइस ॲक्सेस २२एच२ आवृत्तीपासून पुढे मिळतो. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, स्पीच इथे तो चालू करायचा. एकदा भाषेची फाइल उतरली की इंटरनेट लागत नाही. भारतीय इंग्रजी त्याला कळतं, मराठी नाही. ‘ओपन वर्ड’, ‘क्लिक सेव्ह’, ‘प्रेस एंटर’ या आज्ञा चालतात. अडतं ते बटणाचं नाव माहीत नसलं की. तिथे त्याचा उपाय आहे ‘शो नंबर्स’: पडद्यावर प्रत्येक बटणाशेजारी आकडा उमटतो आणि आपण आकडा बोलायचा. हे डोळस, पण हाताने अधू असलेल्या माणसासाठी उत्तम. अंधुक दिसणाऱ्याने विंडोज आणि प्लस दाबून भिंग सुरू केलं तर त्यालाही जमेल. पूर्ण अंध माणसाला ते आकडे दिसणारच नाहीत. त्याला ‘सेव्ह’ बोलण्यापेक्षा कंट्रोल एस दाबणं कधीही जलद.

डिक्टेशनची गोष्ट वेगळी. विंडोज आणि एच दाबलं की जिथे कर्सर आहे तिथे बोललेलं उमटतं, आणि मराठी चालतं. त्याआधी विंडोज आणि स्पेसने कीबोर्ड मराठीवर आणावा लागतो, इंटरनेटही हवंच. क्रोममध्ये गूगल डॉक्स वापरत असाल तर कंट्रोल, शिफ्ट, एस. तिथेही मराठी लिहिली जाते, पण ‘हा शब्द पुसा’ यासारख्या आज्ञा फक्त इंग्रजीत. इंदुरी मराठीत हिंदी शब्द सहज मिसळतात आणि तिथेच चुका होतात. म्हणून दोन-तीन वाक्यांवर थांबा, कंट्रोल आणि बाणाने शब्द-शब्द ऐका, संशय आला तर नुसत्या बाणाने अक्षर-अक्षर. पासवर्ड आणि ओटीपी कधीही बोलू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे

स्पीकरवर एनव्हीडीए बोलत असतो, माइक तेच ऐकतो, आणि पत्रात तुमच्या वाक्यासोबत त्याचंही बोलणं टाइप होतं. हेडसेट लावला की हे थांबतं. तो वायरचा घ्यावा: ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज फोनच्या दर्जाला उतरतो, शिवाय शब्दांची सुरुवात गिळली जाते. वेगवान वाचन ऐकणाऱ्याला हे फार छळतं. लॅपटॉपला एकच गोल जॅक असतो, तिथे पिनवर तीन काळ्या रेघा असलेला हेडसेट लागतो. जुन्या डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे दोन जॅक, मग जोडणी वेगळी. यूएसबी हेडसेट घेतला तर ही भानगडच उरत नाही.

कुणी काय घ्यावं

नोकरीच्या तयारीत असलेल्याने एनव्हीडीए आणि कीबोर्ड. मध्य प्रदेशात सीपीसीटी या संगणक-कौशल्याच्या परीक्षेत हिंदी टंकलेखन असतं, तिथे बोलून लिहिण्याची सवय कामाला येत नाही. इनस्क्रिप्ट ही देवनागरीची कीबोर्ड-मांडणी शिकावी: क के वर, र जे वर, हलन्त डी वर, आणि ळ शिफ्ट एनवर. एकदा बसलं की मराठी-हिंदी दोन्हींना तेच. एफ आणि जे वरचे उंचवटे बोटांना जागा दाखवतात.

उतारवयात दृष्टी गेलेल्या, पूर्वी कधी टाइप न केलेल्या आजी-आजोबांना एनव्हीडीए आणि डिक्टेशन द्यावं, पण बाण, टॅब, एंटर, एस्केप आणि कंट्रोल एवढ्या कीज आधी पक्क्या कराव्यात. कंट्रोल दाबली की वाचन लगेच थांबतं. घाबरलेल्या नवशिक्याला सगळ्यात पहिली हीच शिकवावी.

इंदुरातल्या सिल्व्हर मॉलमध्ये लॅपटॉप घ्यायला जाताना वापरणाऱ्याला सोबत न्या. विंडोज, कंट्रोल, एंटर दाबलं की विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू होतो, काही उतरवावं लागत नाही. मग कीबोर्ड चाचपू द्या: फंक्शन कीज गटागटाने सुट्या आहेत का, एफ-जे चे उंचवटे लागतात का, पॉवरचं बटण डिलीटला चिकटून तर नाही ना. हेडसेट लावून पाहा आणि पैसे त्यानंतरच द्या.