हशा बंद करून पाहावी अशी मालिका : ‘मॅश’

‘मॅश’ या अमेरिकी मालिकेच्या डीव्हीडी संचात एक सोय दिलेली आहे. विनोदामागोमाग ऐकू येणारा ध्वनिमुद्रित हशा प्रेक्षकाला ठेवता येतो किंवा पूर्णपणे बंद करता येतो. पहिल्यांदा मी ही मालिका हशासकट पाहिली आणि एक चुरचुरीत, काहीशा जुन्या वळणाची विनोदी मालिका म्हणून ती मला आवडली. काही वर्षांनी हशा बंद करून ती पुन्हा पाहायला घेतली, तेव्हा तीच माणसे आणि तेच संवाद असूनही समोर निराळेच काही उभे राहिले. थकलेले डॉक्टर एकमेकांना कोट्या ऐकवत होते, कोटी संपली की तंबूत क्षणभर शांतता पसरत होती, आणि त्या शांततेत त्यांची दमणूक दिसत होती. ही मालिका पाहायची तर हशा बंद करूनच, हे माझे मत तेव्हापासून पक्के आहे.

१९६८ची एक कादंबरी आणि तिच्यावरचा १९७०चा चित्रपट यांतून ही मालिका उभी राहिली. सीबीएस वाहिनीवर ती सप्टेंबर १९७२मध्ये सुरू झाली आणि २८ फेब्रुवारी १९८३ रोजी संपली. या काळात तिला १४ एमी (अमेरिकी दूरचित्रवाणीचे मानाचे) पुरस्कार मिळाले. १९७४चा सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा पुरस्कार त्यांतलाच. कथा १९५०च्या दशकातल्या कोरियन युद्धाची आहे. आघाडीपासून थोड्याच अंतरावर तंबू ठोकून वसवलेल्या ‘४०७७’ या काल्पनिक फिरत्या लष्करी शल्य रुग्णालयात (अशा रुग्णालयाचे इंग्रजी लघुरूप म्हणजेच ‘मॅश’) हेलिकॉप्टरने आणि गाड्यांनी जखमी सैनिक येत राहतात. सक्तीच्या भरतीत सापडलेले तरुण शल्यचिकित्सक त्यांना जोडून, शिवून पुढे पाठवत राहतात. पडद्यावर कोरिया असला, तरी मालिका सुरू झाली तेव्हा अमेरिकेचे तरुण व्हिएतनाममध्ये मरत होते, आणि तेव्हाच्या प्रेक्षकाला ही गोष्ट कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हशा हवा, हा आग्रह वाहिनीचा होता. लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स या कर्त्यांना तो नको होता. अखेर तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियागृहातल्या दृश्यांत हशा वाजणार नाही. मालिकेचा सगळा कस मला या एका निर्णयात दिसतो. रक्ताने माखलेल्या हातांनी डॉक्टर टेबलावर वाकलेले असतात, विनोद अखंड चालू असतात, आणि प्रेक्षकाला कुठे हसायचे ते कोणी सांगत नाही. माझी मावशी अनेक वर्षे शस्त्रक्रियागृहात परिचारिका होती. तिने माझ्यासोबत काही भाग पाहिले आणि आपल्याकडेही बोलणे असेच चालते, असे ती म्हणाली. कोणाची बदली झाली, कोणाच्या डब्यात काय होते, अशा गप्पा सुरू असतात आणि हात मात्र एका क्षणासाठीही थांबत नाहीत. तिला त्या डॉक्टरांच्या थट्टेत बेपर्वाई मुळीच दिसली नाही.

हा परिच्छेद, ज्यांनी मालिका पाहिलेली नाही आणि पाहायची आहे, त्यांनी सोडून द्यावा. तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात, मार्च १९७५मध्ये, रुग्णालयाचे प्रेमळ आणि काहीसे गोंधळलेले प्रमुख हेन्री ब्लेक यांना घरी जाण्याचा आदेश मिळतो. निरोपाचे सगळे हसतेखेळते प्रसंग होतात आणि प्रेक्षक डोळे पुसून भाग संपला असे समजतो. मग शस्त्रक्रियागृहात रडार हा त्यांचा कारकून तोंडावर मास्क न लावताच येतो आणि हेन्री यांचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेल्याचे, कोणीही वाचले नसल्याचे वाचून दाखवतो. संहितेचे हे शेवटचे पान चित्रीकरणाच्या अगदी आधीपर्यंत नटांपासून लपवून ठेवले होते. दृश्य दुसऱ्यांदा घेताना मागे कोणाच्या तरी हातून एक उपकरण खणकन पडले आणि तो आवाज तसाच ठेवला गेला. कोणीही काम थांबवत नाही, कारण टेबलावरचा रुग्ण उघडा आहे. विनोदी मालिकेतल्या लाडक्या पात्राला असे मारणे तेव्हाच्या टीव्हीवर जवळजवळ अशक्य मानले जात असे. पुष्कळ प्रेक्षकांनी रागावून पत्रे लिहिली. मला तो राग समजतो, पण त्या भागाशिवाय ‘मॅश’ची मी कल्पनाही करू शकत नाही.

एकच भाग पाहण्याइतका वेळ असेल, तर मात्र मी १९७६चा ‘द इंटरव्ह्यू’ सुचवेन. हा भाग कृष्णधवल आहे. एक वार्ताहर कॅमेरा घेऊन येतो आणि डॉक्टरांना, कारकुनाला, धर्मगुरूला प्रश्न विचारतो, एवढेच कथानक. नटांची काही उत्तरे त्यांना स्वतःला सुचलेली आहेत, त्यामुळे बोलण्यात अडखळणे आणि विचार करणे खरे वाटते. फादर मल्काही हे मवाळ, काहीसे संकोची पात्र (विल्यम ख्रिस्तोफर यांनी ते फार संयमाने उभे केले आहे) या भागात सांगते की कडाक्याच्या थंडीत रुग्णाचे पोट उघडले की शरीरातून वाफ निघते, आणि डॉक्टर त्या जखमेवर आपले हात शेकतात. हे पाहिल्यावर माणूस बदलल्याशिवाय कसा राहील, असे ते विचारतात. या भागात हशा मुळातच नाही.

दोषही आहेत आणि ते लहान नाहीत. सुरुवातीच्या पर्वांत परिचारिकांकडे पाहण्याची नजर आज खटकते; मुख्य परिचारिका मार्गारेटला बराच काळ तिच्या ‘हॉट लिप्स’ या टोपणनावापलीकडे जाऊ दिले जात नाही, आणि लोरेटा स्विट यांच्या अभिनयानेच हळूहळू त्या पात्रातून एक एकाकी, कर्तबगार अधिकारी बाहेर येते. ज्या देशात हे सगळे घडते तिथली माणसे बहुतेक वेळा पार्श्वभूमीलाच राहतात, हे तर मला फारच जाणवले. शेवटच्या काही पर्वांत नायक हॉकाय इतकी शहाणी भाषणे देऊ लागतो की, ॲलन अल्डा यांच्यासारखा नट असूनही, पात्राचा खट्याळपणा सुकत जातो. अल्डा यांना या एकाच मालिकेसाठी अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्हींचे एमी मिळाले आहेत, आणि तरीही त्यांच्यातल्या लेखकाने त्यांच्यातल्या नटाला अधूनमधून गप्प करायला हवे होते, असे मला वाटते.

या युद्धाशी आपला एक धागा आहे, तो इथे नोंदवावासा वाटतो. भारताने कोरियात लढाऊ फौज पाठवली नव्हती, पण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर १९५०मध्ये तिथे पोहोचले होते. मार्च १९५१मध्ये या पथकातले डॉक्टर आणि सैनिक अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरले होते. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले. ‘मॅश’मधले तंबू पाहताना हे पथक माझ्या मनात सारखे येत राहिले.

अडीच तासांचा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. त्यात हॉकायची कथा मध्यवर्ती असली, तरी माझ्या मनात घर करून राहिला तो चार्ल्स विंचेस्टर हा बोस्टनचा गर्विष्ठ, संगीतवेडा शल्यचिकित्सक. शरण आलेल्या पाच चिनी सैनिकांना वाद्ये वाजवता येतात हे कळल्यावर तो त्यांना मोझार्टची एक रचना शिकवू लागतो. चुकांवर चिडतो, पुन्हा वाजवायला लावतो, आणि डेव्हिड ऑग्डेन स्टायर्स यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक दुर्मीळ आनंद दिसू लागतो. त्या पाचांचे पुढे काय होते ते मी सांगणार नाही. त्यानंतर मात्र विंचेस्टर आपल्या तंबूत परततो, तीच रचना ग्रामोफोनवर लावतो, थोडा वेळ ऐकतो, आणि तबकडी उचलून फोडून टाकतो.