पंक्चरची भीती की पळतं चाक? 28 मिमीचा टायर निवडताना

सायकलच्या दुकानात गेलात की दोन टायर मागून घ्या आणि हातात धरून बघा. एक श्वाल्बेचा मॅरेथॉन प्लस, दुसरा काँटिनेंटलचा ग्रँड प्रिक्स 5000, दोन्ही 700 बाय 28. पहिला उभा ठेवला तर कड्यासारखा गोल राहतो आणि त्याची बाजू दाबायला अंगठ्याचा जोर लागतो. दुसरा घडी होऊन खोक्यात आलेला असतो. उलगडला तरी ओल्या टॉवेलसारखा लोंबतो आणि त्याची बाजू सहज चिमटीत येते. टायरच्या नक्षीपेक्षा ही चिमूट तुम्हाला जास्त सांगेल.

टायर म्हणजे मुळात कापड. जास्त करून नायलॉनच्या धाग्यांचं कापड, आणि त्यावर रबर. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो चेपतो आणि उचलला की पुन्हा फुगतो. या चेपण्या-फुगण्यात रबर आतल्या आत घुसळलं जातं, गरम होतं, आणि ती उष्णता तुमच्या पायांतून आलेली असते. कापड जाड, रबर जाड, तर घुसळण जास्त. बारीक धाग्यांचं कापड पातळ असतं, मधे रबर कमी मावतं, म्हणून ते चटकन वाकतं आणि चटकन सावरतं. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे, तो आकडा यासाठीच छापतात. फक्त दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. काँटिनेंटलचे 330 हे 110 धाग्यांचे तीन थर मिळून होतात, श्वाल्बेचे 67 एका थराचे.

दोघांतला खरा फरक नक्षीच्या खाली आहे. मॅरेथॉन प्लसमध्ये तिथे 5 मिमी जाडीचा मऊ रबराचा पट्टा असतो. ड्रॉइंग पिन पूर्ण घुसली तरी ट्यूबपर्यंत पोचत नाही. ग्रँड प्रिक्स 5000 मध्ये त्या जागी व्हेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याची पातळ पट्टी असते. ती काच बऱ्यापैकी अडवते, पण टोकदार लांब वस्तूपुढे तिचं फारसं चालत नाही.

आता हिशोब. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो, वेग ताशी 25 किमी, सपाट रस्ता. चांगल्या लवचीक टायरचा घर्षणांक (फिरताना टायर एकूण वजनाच्या कितव्या हिश्श्याएवढा मागे ओढतो तो आकडा) 0.004 धरला तर टायर सुमारे 23 वॅट खातात, जाड टायरचा 0.008 धरला तर 46. वाऱ्याला साधारण 80 वॅट लागतात, म्हणजे एकूण 103 की 126 असा प्रश्न आहे. पायांत 103 वॅटच असतील तर जाड टायरवर वेग ताशी साडेबावीसच्या आसपास येतो. 200 किमीच्या बीआरएमवर (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) हे पाऊण तासाहून जास्त होतं. एक पंक्चर शांतपणे काढायला मला 15 मिनिटं लागतात. म्हणजे वाटेत तीनपेक्षा जास्त पंक्चर होणार असतील तरच जाड टायर वेळ वाचवतो, आणि तीन पंक्चर म्हणजे फारच वाईट दिवस.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, "वजनाचं काय, घाटात वजनच नडतं ना?" मॅरेथॉन प्लस सातशे ग्रॅमच्या पुढे आणि दुसरा अडीचशेच्या आसपास, तेव्हा जोडीमागे साधारण एक किलो धरा. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना सुमारे 12 किमीत साडेपाचशे मीटर चढ आहे. एक किलो तेवढं उचलायला साडेपाच किलोज्यूल लागतात. त्याच 12 किमीत रबराच्या घुसळणीतला फरक 40 किलोज्यूलचा होतो. घाटातही दमवतं ते कापड आणि रबर, वजनाचा वाटा त्याच्या सातव्या हिश्श्याएवढा. सायकलवर हजारो रुपये घालून वजन कमी करणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा असं मला मनापासून वाटतं.

मग जाड टायर कोणी घ्यावा? रोज सहा-सात किमी ऑफिसला जाणाऱ्याने नक्की घ्यावा. तिथे फरक एक-दोन मिनिटांचा असतो, आणि सकाळी साडेनऊला हात काळे करून पोचणं कोणालाच परवडत नाही. सामान लादून देशावर फिरणाऱ्यानेही घ्यावा. गावाकडच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या पडलेल्या असतात, तो काटा लांब आणि ताठ असतो, तिथे पातळ पट्टी पुरत नाही.

हायवेची गोष्ट वेगळी. तिथला शत्रू म्हणजे फुटलेल्या ट्रकटायरमधल्या पोलादी तारा. कडेच्या पट्टीवर, जिथे आपण चालवतो, तिथेच त्या साचतात. खंबाटकीच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. नवी ट्यूब घातली आणि चार किमीवर पुन्हा बसलं. टायरच्या आतून बोट फिरवून पाहिलं, हाताला काही लागेना. मग बरोबरच्या काकांनी प्रथमोपचाराच्या पाकिटातला कापसाचा बोळा दिला आणि म्हणाले, "हा आतून फिरव, जिथे अडकेल तिथे बघ." जिथे अडकला तिथे दोन-तीन मिमीची, केसाएवढी तार होती. टायर बाहेरून वाकवल्यावर तिचं टोक जेमतेम दिसलं, नेलकटरने धरून ओढली. तेव्हापासून पाउचमध्ये कापूस आणि नेलकटर कायम असतो.

दोन्हीच्या मधलं हवं असेल तर काँटिनेंटलचाच ग्रँड प्रिक्स 4-सीझन बघा. व्हेक्ट्रानचे दोन थर आणि बाजूंवर घासण्या-कापण्यापासून वाचवणारं विणलेलं आवरण. आपल्या खडबडीत कडांच्या रस्त्यांवर बाजू फाटून टायर फुकट जातात, म्हणून त्या आवरणाचं मोल मला जास्त वाटतं. थोडा वेग जातो, पण बीआरएम करणाऱ्या बहुतेकांना मी हाच सुचवतो.

नक्षीवर फार वेळ घालवू नका. सायकलचा टायर अरुंद असतो आणि वेग कमी, त्यामुळे डांबरी रस्त्यावर पाण्याच्या थरावर तरंगून चाक घसरण्याची भीती नसते. पावसात पकड देतं ते रबराचं मिश्रण, आणि कापड किती सहज रस्त्याच्या खडीवर बसतं ते. हवा मात्र बघा. सत्तर किलोच्या माणसाने 28 मिमीला 100 पीएसआय दाब भरला तर खडीवर सायकल नाचते, आणि तेही ऊर्जा खातंच. सत्तर-पंचाहत्तर पुरे.

सुती कापडाचे, 320 धाग्यांचे शर्यतीचे टायर सुंदर पळतात, पण ओलाव्याला आणि कापण्याला नाजूक. आपल्या पावसाळ्यात नकोतच. ट्यूबलेसमध्ये बारीक भोकं आपोआप बुजतात, पण आतला द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतो, दर दोन-तीन महिन्यांनी भरावा लागतो, आणि वाटेतला पंक्चरवाला त्याला हात लावत नाही. साध्या ट्यूबलाही प्रेस्टा व्हॉल्व्ह (बारीक, टोकाला स्क्रू असलेला) असेल तर पंक्चरवाल्याच्या पंपासाठी छोटा पितळी अडॅप्टर जवळ ठेवा.

दोन्ही चाकांना एकच टायर हवा असंही नाही. मागच्या चाकावर वजन जास्त, पंक्चरही तिथेच जास्त, आणि ते काढायला चेनशी झटापट करावी लागते. मागे चिवट आणि पुढे लवचीक अशी जोडी मी दोन पावसाळे वापरतोय. दोन्हीकडे एकच टायर असेल तर मागचा झिजला की पुढचा मागे न्यायचा आणि नवा नेहमी पुढे घालायचा, कारण पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही.

पैसे देण्याआधी बाजूवरचा आकडा वाचा. 28-622 (रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीत) लिहिलेला टायर 700च्या रिमवर बसतो. घरातल्या जुन्या आडव्या दांड्याच्या सायकलची रिम बहुतेक 635 ची असते, तिथे तो बसणार नाही. आणि ब्रेकच्या खाली बोट घालून जागा बघा, सध्या 23 चा टायर असेल तर काही फ्रेममध्ये 28 घासतो.