स्वस्त र्‍योकान की साधी खोली? ओन्सेनची एक रात्र ठरवण्यापूर्वी

जपानला निघालात, एक रात्र ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर, काढायची आहे आणि बजेट बेताचं आहे, तर समोर दोन वाटा असतात. हाकोनेत दोन जेवणांसकट स्वस्त र्‍योकान (जपानी पद्धतीची पारंपरिक सराय), नाहीतर कुसात्सूत बिनजेवणाची खोली घेऊन अंघोळीला गावातल्या स्नानगृहात जायचं. आईला घेऊन मी आधी पहिली वाट धरली, पुढच्या सहलीत दुसरी.

हाकोनेला माणशी 11 हजार येन मोजले. कुंड जेमतेम चार माणसांचं, पाण्याला क्लोरीनचा वास. कपडे बदलायच्या खोलीतला कागद मोबाइलवर भाषांतर करून वाचला: पाणी तापवलेलं, फिरवून पुन्हा वापरलेलं, जंतुनाशक घातलेलं. यात बेकायदा काहीच नाही. 1948 च्या कायद्याप्रमाणे उगमाशी 25 अंश सेल्सिअस किंवा जास्त गरम असलेलं, किंवा ठरवलेल्या 19 घटकांपैकी एखादा पुरेसा असलेलं पाणी ओन्सेनच. 2004 साली शिराहोने या ओन्सेनच्या गावात पाण्यात रंगाची पूड घातल्याचं उघड झालं आणि 2005 पासून असा कागद लावणं सक्तीचं झालं. म्हणून खोली ठरवतानाच ‘गेन्सेन काकेनागाशी’ हे शब्द शोधा. झऱ्याचं पाणी सतत येतं आणि वाहून जातं, असा त्याचा अर्थ.

जेवणाचं दुःख मात्र अजून जात नाही. आई शाकाहारी आहे हे आधीच कळवलं होतं. मासे काढले, पण सूप आणि भाजी दोन्हींत दाशी होतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. आई भात-लोणचं खाऊन झोपली. बाहेर दुकानं कधीच बंद झाली होती.

कुसात्सू लांब आहे: उएनोहून रेल्वेने अडीच तास, पुढे बस. हाकोने शिंजुकूहून दीड तासाच्या आत. पण गावाच्या मधोमध युबाताकेत झऱ्याचं पाणी लाकडी पन्हाळींतून निवत वाहतं, तिथे उभं राहिलं की प्रवासाचा शीण जातो. शिराहाता-नो-यू या स्नानगृहात पैसे लागत नाहीत. पाणी अस्सल, गंधकाचा वास, चांगलंच आम्ल आणि कडक गरम. डोळ्यांत जाऊ देऊ नका. साबण-शॉवरची सोय नाही, आधी अंगावर पाणी ओतून घ्यायचं. जेवण आपल्या हातात: आम्ही सोबत नेलेले थेपले आणि मेतकूट-भात खाल्ला.

एका बाबतीत र्‍योकान सरस ठरलं. परक्या बायकांसमोर विवस्त्र उतरणं आईला जमेना. र्‍योकानमध्ये कडी लावता येणारं छोटं कुंड पाऊण तास तिला एकटीला मिळालं. कुसात्सूत ती युबाताकेशेजारी फक्त पाय बुडवून बसली. सोबतच्या माणसाला असा संकोच असेल, तर कुसात्सूतही खासगी कुंड असलेलीच जागा घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आणि चांदीची जोडवी, पैंजण खोलीवरच काढून ठेवा. गंधकाच्या पाण्याने ती काळी पडतात.