ए, एफ की इलेक्ट्रिक? दुकानात मँडोलिन निवडताना

दुकानात नजर आधी जाते ती एफ-स्टाइल मँडोलिनकडे. वरच्या खांद्याला शंखासारखी गुंडाळी, खाली टोकदार कोपरे. शेजारचं थेंबाच्या आकाराचं ए-स्टाइल त्यापुढे अगदीच साधं वाटतं. पण त्या गुंडाळीचा नादाशी फारसा संबंध नाही. ती कोरण्यात कारागिराचा वेळ जातो आणि तो वेळ किमतीत येतो. तेवढ्याच पैशांत ए-स्टाइल घेतलंत तर लाकूड बहुधा वरच्या दर्जाचं मिळतं. एफचा खरा फायदा एकच: बसून वाजवताना खालचं टोक मांडीला अडतं, वाद्य घसरत नाही. पट्टा लावला की तोही उरत नाही.

आवाजात खरा फरक पडतो तो तबलीवरच्या, म्हणजे तारांखालच्या पुढच्या फळीवरच्या, भोकांमुळे. 1922 मध्ये गिब्सन कंपनीत लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एफ-5 हे मॉडेल आलं. त्यात मधल्या अंडाकृती भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन लांबट भोकं होती. पुढे बिल मन्रो यांनी याच मॉडेलवर अमेरिकेतलं ब्लूग्रास हे लोकसंगीत वाजवलं. आज ए-स्टाइलमध्येही दोन्ही प्रकार मिळतात. लांबट भोकांचा आवाज टोकदार, गर्दीतून वाट काढणारा असतो, पण लवकर विझतो. मधलं अंडाकृती भोक असलं की नाद गोल येतो आणि थोडा रेंगाळतो. ऑर्केस्ट्रात ढोलकी आणि कीबोर्डच्या शेजारी बसायचं असेल तर पहिला प्रकार घ्या. घरी एकट्यानं जुनी गाणी, भावगीतं वाजवायची असतील तर माझं मत अंडाकृतीला.

रागदारी वाजवायची असेल तर मात्र गणित बदलतं. साध्या मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, ताण भरपूर, आणि दोन तारा एकदम ओढून सुरेल मिंड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) काढणं फार अवघड. संगीतकार सज्जाद हुसेन हे वाद्य हिंदुस्थानी रागांसाठीही वाजवत, पण ते सज्जाद हुसेन होते! यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन वापरलं, ते उगाच नाही. एकेरी तार ओढता येते आणि अ‍ॅम्प्लिफायरमुळे सूर टिकतो. मोबदल्यात जोडतारांची ती थरथरती झळाळी जाते, आणि जुन्या हिंदी गाण्यांतलं मँडोलिन म्हणजे तीच झळाळी. शिवाय अ‍ॅम्प्लिफायरचा खर्च वेगळा.

इटालियन पद्धतीचं, मागून भोपळ्यासारखं फुगीर मँडोलिन मिळालंच तर हौसेनं वाजवून बघा, पण पहिलं वाद्य म्हणून नको. ते मांडीवर ठरत नाही.

प्रकार ठरला की एकच ओळ, एकाच नखीनं, प्रत्येक वाद्यावर वाजवा. त्याआधी प्रत्येक वाद्य जी-डी-ए-ई असं, म्हणजे व्हायोलिनप्रमाणेच, सुरात लावून मागा. बेसूर वाद्याची तुलना फुकट आहे. मग बाराव्या पडद्यावर तार दाबा: तिथला सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला हवा. नसेल तर लगेच नापसंत करू नका. मँडोलिनची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी तुकडा, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच उभी राहते, त्यामुळे ती किंचित सरकवून हा दोष बऱ्याचदा जातो. बाराव्या पडद्याशी तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आसपास असली तर ठीक. त्याहून फार जास्त असेल तर नवशिक्याची बोटं सोलून निघतात. तीही घोडीवरून खाली आणता येते. वाकलेली दांडी मात्र घेऊ नका. डोळ्यासमोर धरून खुंट्यांकडून घोडीकडे बघितलं की वाक दिसतो.

तबली अखंड लाकडाची की प्लायची, हे विक्रेत्याला विचारण्यापेक्षा भोकाच्या कडेला बघा. वरच्या रेषा कडेच्या जाडीतून सरळ खाली गेल्या असतील तर लाकूड अखंड. थर दिसले तर प्लाय. कोलकात्याकडची स्वस्त मँडोलिनं हात बसवायला चालतात. पण दोन-तीन वर्षं वाजवायची खात्री असेल तर मी थोडं थांबून अखंड तबलीचं ए-स्टाइलच घेईन.

निघताना तारांचा एक जादा संच घ्या, आणि वाद्याच्या शेपटीकडचे, तारा अडकवायचे हुक बघून घ्या. बहुतेक मँडोलिनांना टोकाशी फास (लूप) असलेल्या तारा लागतात, गिटारच्या गोळीवाल्या तारा तिथे अडकत नाहीत.