शिकायला कोणतं हेलिकॉप्टर घ्यावं: आर-२२, कॅब्री, श्वायझर ३०० की आर-४४ कॅडेट?

उड्डाणशाळेत बहुधा पहिलं समोर येतं ते रॉबिन्सन आर-२२. १९७९ साली प्रमाणित झालेलं हे दोन आसनी हेलिकॉप्टर तासाला कमी इंधन पितं, म्हणून शाळांना परवडतं. शिकणाऱ्याला मात्र ते फारशी सवलत देत नाही. रोटर (वरची फिरती पाती) हलका असल्याने इंजिन बंद पडताच त्याचे फेरे झपाट्याने उतरतात. फेरे मापकावर ९७ टक्क्यांवर आले की भोंगा वाजतो आणि कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकत्र बदलणारा दांडा) खाली दाबायला जेमतेम सेकंदभर मिळतो. फेरे ८० टक्क्यांच्या आसपास आले की पाती स्टॉल होतात, म्हणजे त्यांची उचल संपते, आणि मग काहीच हाती राहत नाही.

दुसरा धोका दोन पात्यांच्या झुलत्या रोटरचा. सायक्लिक (यंत्राला दिशा देणारी दांडी) झटक्याने पुढे ढकलली की रोटरवरचा भार उतरतो आणि शेपटीवरच्या टेल रोटरच्या जोराने यंत्र उजवीकडे कलंडू लागतं. नवशिक्याचा हात आपसूक डावीकडे जातो, नेमका तिथेच घात होतो: हब (पात्यांचा मधला जोड) मास्टवर (रोटरच्या उभ्या दांड्यावर) आदळतो. आधी सायक्लिक हलकेच मागे घेऊन रोटरवर भार आणायचा, कलणं त्यानंतर सावरायचं. अमेरिकेत आर-२२वर सोलोआधी (एकट्याने उडण्याआधी) प्रशिक्षकासोबत किमान २० तासांची अट घातली गेली, ती अशा अपघातांमुळेच.

गव्हर्नर (फेरे आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) चांगलाच, पण तो कार्ब्युरेटरमधला बर्फ लपवतो. बर्फ साचत जातो, गव्हर्नर गुपचूप थ्रॉटल उघडत राहतो आणि फेरे ठीक दिसतात. मॅनिफोल्ड दाब (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) १८ इंचांखाली गेला की तापमापकाकडे न बघता कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) पूर्ण लावायची.

वजनाचा हिशेब करूनच नाव नोंदवा. आर-२२चं कमाल वजन ६२२ किलो, रिकामं सुमारे ४००. प्रशिक्षक ८५ आणि तुम्ही ९५ किलोंचे असाल तर इंधनाला उरतात ४२ किलो, म्हणजे साधारण ५८ लिटर. राखीव साठा वगळला तर तासाभराचा धडा बसतो, लांबची फेरी बसत नाही. शिवाय सामानासकट एका आसनाची मर्यादा १०९ किलो आहे.

पहिल्या तासांसाठी आमची पसंती गिंबाल कॅब्री जी-२ला. तीन पात्यांचा पूर्ण आर्टिक्युलेटेड (प्रत्येक पातं स्वतंत्रपणे हलणारा) रोटर, त्यामुळे मास्टवर हब आदळण्याची भीती नाही. रोटरमध्ये जडत्वही जास्त, म्हणून ऑटोरोटेशन (इंजिनाविना, हवेने फिरणाऱ्या रोटरवर उतरणं) शिकताना विचार करायला अवधी मिळतो. आघात शोषणारी आसनं आणि न फुटणारी टाकी ही जमेची बाजू. खोड आहे ती पेडलची. रोटर अमेरिकी यंत्रांच्या उलट, वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो. ताकद वाढवली की उजवं पेडल लागतं. फेनेस्ट्रॉनला (कवचात बसवलेल्या टेल रोटरला) पायही बराच द्यावा लागतो. हॉवरमध्ये (हवेत एका जागी स्थिर राहण्यात) येताना अर्धवट पेडल दिलं तर नाक डावीकडे भरकटतं. अशा वेळी कच न खाता पूर्ण उजवं पेडल दाबून तसंच धरून ठेवायचं.

श्वायझर ३०० जुन्या वळणाचं, दणकट. बहुतेक प्रकारांत इंजिन इंजेक्शनचं असल्याने कार्ब्युरेटरच्या बर्फाचा प्रश्न नाही (३००सीबी मात्र कार्ब्युरेटरचं). गव्हर्नर मात्र सहसा नसतो, त्यामुळे थ्रॉटल मनगटाने सांभाळावा लागतो. हात पक्का होतो, पण सुरुवातीचे तास दमवतात. डॅम्पर (हादरे शोषणारे भाग) ढिले असतील तर जमिनीवर ग्राउंड रेझोनन्स (झपाट्याने वाढत जाणारा हादरा) सुरू होऊ शकतो. फेरे पुरेसे असतील तर लगेच उचलून हॉवरला घ्यायचं, नसतील तर थ्रॉटल बंद आणि कलेक्टिव्ह खाली.

आर-४४ कॅडेट म्हणजे मागची आसनं काढलेलं आर-४४. हायड्रॉलिक नियंत्रणामुळे हात हलका राहतो, वजनाची चणचण नाही, पण तास महाग पडतो. पुढे आर-४४वरच काम करायचं असेल तर तो खर्च वाया जात नाही. झुलता रोटर इथेही आहे, म्हणजे भार उतरण्याचा धडा इथेही टळत नाही.

यंत्र कोणतंही असो, शाळेला विचारा की ऑटोरोटेशन जमिनीपर्यंत उतरवून शिकवतात, की हॉवरपाशीच ताकद परत देतात.